पाच पुड्या गाळ

भागीरथाबाई नान्हे यांना राग आला की त्या भांडत नाहीत, भांडी धुतात. भंडाऱ्याच्या ज्या कॉलेजात त्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहेत, तिथल्या पोरांना हे पक्कं ठाऊक आहे. बेसिनपाशी काचेचा आवाज वाढला की त्या दिवशी कोणी पिपेट मागायला त्यांच्याकडे जात नाही. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकच फ्लास्क फुटला, आणि तोही त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आधीच तडकलेला होता. त्यांच्याशी यावर वाद घालणारे एक प्राध्यापक पुढे बदली मागून गेले, असं पोरं सांगतात.

ही नोकरी त्यांना नवरा गेल्यावर त्याच्या जागी मिळाली. शिक्षण सातवी. पहिली दोन वर्षं नुसती भांडी विसळली, पण विसळता विसळता डोळे मिटून घेतले नव्हते. आज प्रयोगशाळेतलं सॉक्सलेट त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, आणि हे त्या स्वतःच सांगतात, कारण दुसरं कोणी सांगेल याची वाट बघण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

सॉक्सलेट म्हणजे काचेचा तीन मजली संसार. खाली गोल बुडाचा फ्लास्क, त्यात द्रावक. मधल्या रुंद नळीत जाड कागदाची टोपी, टोपीत वाळवून कुटलेला पदार्थ. वर थंड पाणी खेळवलेला कंडेन्सर. खालून ऊब दिली की द्रावकाची वाफ वर जाते, थंडावते, थेंब थेंब टोपीत पडते आणि पदार्थात मुरते. मधली नळी भरत आली की बाजूच्या बारीक वाकड्या नळीतून सगळं एकदम खाली ओतलं जातं. मग पुन्हा वाफ, पुन्हा थेंब, पुन्हा ओतणं. पदार्थात जे दडलेलं असेल ते थोडं थोडं करत खालच्या फ्लास्कात उतरतं. या एकदम ओतण्याला भागीरथाबाई उपसा म्हणतात. प्राध्यापक घड्याळ बघतात, त्या उपसे मोजतात. "साहेब, आता कुठं आठ उपसे झाले, मोहाच्या बियातलं तेल एवढ्यात हालत नाही," असं त्या पीएच.डी.वाल्यांनाही सुनावतात.

पण त्यांच्या आयुष्याची खरी गोष्ट काचेची नाही, रागाची आहे. एक राग त्यांच्या पोटात अडतीस वर्षं पडून होता आणि तो कधी कामी येईल याची त्या वाट बघत होत्या. क्षमा म्हणजे काय हे त्यांना कळत नाही अशातला भाग नाही. त्यांना ती पटत नाही. आणि मला विचाराल तर त्यांच्या जागी मलाही पटली नसती.

त्यांचं माहेर लाखांदूरकडचं, धानाच्या बांध्यांनी, म्हणजे खाचरांनी, वेढलेलं एक गाव. गावाला तलाव, आणि तलावावर पोट असलेली ढिवरांची दहा-बारा घरं. बाप इश्वर गावातला पट्टीचा मासेमार होता. त्याचं सुताचं मोठं जाळं त्यानं स्वतः एका पावसाळ्यात विणलं होतं. एकदा मोठा कतला लागला. गावच्या बड्या घरातल्या लक्ष्मण नावाच्या जवान पोरानं घरी पाहुणे आलेत म्हणून तो मागून घ्यायला माणूस पाठवला. इश्वरनं तो मासा एका बारशाच्या घरी आधीच कबूल केला होता. तो म्हणाला, हा नाही, उद्याचा देतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, पसरलेलं जाळं उचलून गावच्या चौकात आणलं गेलं आणि जाळलं गेलं.

भागीरथा तेव्हा बारा वर्षांची होती. शाळेतून आली तेव्हा चौकात काळा डाग आणि जाळ्याच्या कडेला बांधलेले भाजक्या मातीचे मणी तेवढे उरले होते. चौकात चार-पाच मोठी माणसं होती, पण कुणीच काही पाहिलं नव्हतं. बाप घरात भिंतीला टेकून बसला होता. "लक्ष्मणनं जाळलं," एवढंच तो बोलला, आणि त्यानंतर त्या विषयावर कधीच बोलला नाही. महिनाभरानं तो नागपूरला रिक्षा ओढायला गेला आणि दुसऱ्या वर्षी तिकडेच मेला. जाळं गेलं तर दुसरं विणता येतं हे त्यालाही ठाऊक होतं. पण ज्या चौकातून रोज जायचं तिथं जळलेलं जाळं रोज दिसणार, हे त्याला सोसलं नाही. भागीरथाबाई अजून म्हणतात, बाप रिक्षानं नाही मेला, चौकानं मेला.

लक्ष्मणचे पुढे लक्ष्मणराव झाले. पांढरी टोपी, जाडजूड मिशी, उन्हाळी धानाची हिरवीगार शेती. बाई माहेरी गेल्या की चौकात हा माणूस खुर्ची टाकून बसलेला दिसायचा आणि विचारायचा, "काय व भागीरथा, बरी हायेस ना?" त्या मान हलवायच्या. भंडाऱ्याला परत आल्या की दोन दिवस प्रयोगशाळेतली भांडी आरशासारखी चकचकीत असायची.

या वर्षी एप्रिलमध्ये मात्र गंमत झाली. तलाव मच्छीमार संस्थेकडे आहे आणि भागीरथाबाईंचा धाकटा भाऊ फकिरा तिथं जाळं टाकतो. तलावाचं पाणी तळाला गेलेलं. लक्ष्मणरावांना ते पंपानं उन्हाळी धानाला घ्यायचं होतं, संस्थेनं नाही म्हटलं. पानठेल्यावर दहा जणांच्या देखत लक्ष्मणराव बोलून गेले, "मले पानी नाही तर तुमालेही मासोळी नाही." आठवड्यानं फकिराचा फोन आला.

"बाई, सारी मासोळी पालथी झाली वं. रोहू, कतला, सारी. त्यानं औषध टाकलन."

धानावर खोडकिडा पडला की फवारायचं ते औषध. भागीरथाबाईंनी फोन ठेवला. भावाच्या आवाजात रडू होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला. इतका आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली, पण ती अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त टिकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या गावात पोचल्या. कुणाशी न बोलता लुगडं खोचून कंबरभर पाण्यात शिरल्या आणि पाच ठिकाणचा गाळ पाच प्लास्टिकच्या पुड्यांत भरला. पहिली पुडी लक्ष्मणरावांच्या बांध्यांतून पाणी जिथून तलावात उतरतं त्या मोरीपाशी. दुसरी पाळीजवळ, तिसरी मधोमध, चौथी फकिराचं जाळं बांधलेलं असतं तिथली, कारण सगळ्यात जास्त मासे तिथं तरंगत होते, आणि पाचवी घाटाकडची. फकिरानं लक्ष्मणरावांच्या शेतावरून त्याच औषधाचा एक रिकामा, निळ्या झाकणाचा डबा आणून दिला. "असे लय पडले राहतात तिकडं," तो म्हणाला.

विभागातल्या तृप्ती रामटेके मॅडम वयानं लहान, पण बाईंना मानणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, हे कोर्टात चालायचं नाही. त्याला वेगळी लॅब लागते, वेगळे कागद लागतात."

"मले कोर्ट नाही पायजे. मले ग्रामसभा पायजे," बाई म्हणाल्या.

मॅडमनी परवानगी दिली. त्या दिवशी पोरांची प्रॅक्टिकल चालू होती, एकच सॉक्सलेट मोकळं होतं. बाईंनी चौथ्या पुडीचा गाळ वाळवला, कुटला, टोपीत भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फ्लास्कखाली विजेचं हीटिंग मँटल लावलं आणि स्टूल ओढून समोर बसल्या. जेवायलाही उठल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत तीस उपसे मोजले. मग फ्लास्कातलं द्रावक आटवून उरलेला थेंब पांढरा लेप दिलेल्या काचेच्या पट्टीवर टेकवला, शेजारी डब्याच्या तळाशी उरलेल्या औषधाचा थेंब टेकवला, पट्टी द्रावकात उभी करून ओल वर चढू दिली आणि मग आयोडीनच्या बरणीत ठेवली. दोन तपकिरी ठिपके उमटले. दोन्ही अगदी एका उंचीवर, जुळ्या भावंडांसारखे, म्हणजे गाळात तेच औषध.

"आता सापडला," बाई म्हणाल्या. मग त्या पट्टीकडे बघत बसल्या आणि बापाशी मनातल्या मनात बोलल्या. काय बोलल्या ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

मॅडम मात्र म्हणाल्या, "मावशी, आता बाकीच्या चारही लावा. विष त्यानं आपल्या शेताकडून सोडलं असेल तर मोरीपाशी सगळ्यात जास्त पाहिजे. म्हणजे वाटच दिसेल. आणि एक रिकामी टोपीही चालवा, नाहीतर उद्या कोणी म्हणेल टोपीतच काही होतं."

शनिवारी प्रॅक्टिकल नसतात. बाईंनी चारही सॉक्सलेट ओळीनं मांडली आणि रिकाम्या टोपीसाठी सोमवार ठेवला. शनिवारी दिवसभर चारही नळ्यांतून उपसे पडत होते आणि त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा घालत होत्या. पट्टीवर थेंब टेकवले. आयोडीनच्या बरणीतून पट्टी बाहेर काढली आणि त्यांना आधी वाटलं, क्रम चुकला.

मोरीपाशी काहीच नव्हतं. एक पुसटशी सावलीही नाही. पाळीजवळ काही नाही. मधोमध अगदी फिकट, घाटाकडे त्याहून फिकट. सोमवारी रिकामी टोपी कोरी निघाली, म्हणजे भांड्यात खोट नव्हती. विष होतं ते चौथ्या पुडीत, भावाच्या जाळ्याखाली. शेतातून ते आलंच नव्हतं.

त्या दिवशी बेसिनपाशी आवाज झाला नाही. पोरांना वाटलं, मावशींना बरं नाही.

मंगळवारी रजा टाकून त्या गावी गेल्या. फकिरा घरी नव्हता, जाळं अंगणात काठीवर टांगलेलं होतं. नायलॉनचं जाळं, वर तरंगत राहावं म्हणून कडेला ओळीनं बांधलेले पांढरे प्लास्टिकचे डबे. त्या डब्यांकडे तलावावर कुणीच कधी नीट बघत नाही, कारण दर जाळ्याला असलेच डबे असतात. रिकामा डबा शेतावर फुकट मिळतो, झाकण घट्ट लावलं की वर्षभर तरंगतो, बाजारातला तरंड कशाला घ्यायचा. नऊ डबे होते. नऊही निळ्या झाकणाचे, लक्ष्मणरावांच्या शेतावरचे. दोन डब्यांची झाकणं उन्हानं तडकली होती. बाईंनी एक डबा हलवला. आत अजून काहीतरी हेलकावत होतं.

फकिरा आला तेव्हा त्यांनी तो डबा त्याच्या हातात दिला.

"धुतले होते ना बाई, राखेनं."

"नऊच्या नऊ धुतले?"

तो मग मटकन खाली बसला. "बाई, कोनाले सांगू नोको. संस्थेचे लोक मले बाहीर काढतील. अन् तुले तर त्यालेच धराचं होतं ना? त्याच्यावरच राहू दे. पट्टी तुझ्यापाशी हाये, कोनती पुडी कुठची, थे तूच सांगनार. कोन इचारते?"

कोणी विचारणार नव्हतं, हे खरंच. गाव आधीच मानून बसलं होतं. एक शब्द न बोलता अडतीस वर्षांचं काम होत होतं आणि वर भाऊही वाचत होता. भागीरथाबाईंनी त्या रात्री आणि पुढचे चार दिवस दुसरं काही केलं नाही, फक्त हाच विचार केला. खोटं बोलण्याची त्यांना भीती नव्हती. देवाचीही नव्हती. अडलं ते भलत्याच ठिकाणी. तृप्ती मॅडमनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, मी त्याले या खोट्यात बसवलं, तर तो आयुष्यभर म्हनन की मी निर्दोष होतो. अन् खरंच असन निर्दोष. मले तो निर्दोष नाही पायजे."

यात चांगुलपणा शोधायला जाऊ नका. हा सुडाचाच हिशोब होता, फक्त नीट केलेला.

ग्रामसभा पंचायतीच्या सभागृहात भरली, माणसं खिडक्यांपर्यंत. सरपंच निर्मलाबाई मध्ये, शेजारी सचिव रजिस्टर घेऊन. लक्ष्मणराव पुढच्या खुर्चीवर, पुतण्याला सोबत घेऊन, चेहरा आंबलेला. पट्टीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. गेले दोन आठवडे चौकात त्यांची खुर्ची पडली नव्हती.

भागीरथाबाई उभ्या राहिल्या. पाचही पुड्या टेबलावर मांडल्या, दोन्ही पट्ट्या ठेवल्या, आणि वर्गात मुलांना सांगावं तसं सगळं सांगितलं. मोरीपाशी काही नाही. जाळ्याखाली आहे. मग एक निळ्या झाकणाचा डबा पुड्यांशेजारी ठेवला.

"विष याच्यातून गेलं. माह्या भावाच्या जाळ्याचे डबे हायेत. फकिराची चूक हाये. तुमचे सगळ्याईचेच डबे असे हायेत, घरी जाऊन पाहा."

सभागृहात एकच गलका झाला. संस्थेतले दोघे फकिराच्या अंगावर धावले, मग आपापल्या जाळ्यांची आठवण होऊन मध्येच थांबले. फकिरा खाली मान घालून बसला होता, बहिणीकडे त्यानं पाहिलं नाही. लक्ष्मणरावांचा चेहरा मात्र उमलला.

"म्हटलं नव्हतं मी? बिनकामाचं गरिबाले बदनाम करून राहिले होते," ते म्हणाले आणि टोपी नीट करत उठले.

"बसा लक्ष्मणभाऊ," भागीरथाबाई म्हणाल्या. "या विषातून तुमी सुटले. आता माह्या बापाच्या जाळ्याचं बोला."

"कोनतं जाळं?"

त्यांनी हे इतक्या सहज विचारलं की भागीरथाबाई मागच्या खुर्चीवर बसल्या. नाटक करत असते तर चाललं असतं. पण या माणसाला खरंच आठवत नसेल तर? ज्या गोष्टीवर एक बाई अडतीस वर्षं जगली, ती गोष्ट त्याच्या लेखी झालीच नसेल तर? त्या क्षणी त्यांना वाटलं, आपण मूर्ख ठरलो. खोटं बोलायला हवं होतं. डबा तलावात फेकून द्यायला हवा होता. हातातलं सगळं देऊन बसलो आणि आता हा घरी जाऊन जेवणार.

त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. कतला, बारशाचं घर, माणूस पाठवला, दुसऱ्या दिवशीची दुपार, पाळीवर पसरलेलं वाळलेलं जाळं, चौक. आवाज चढवला नाही.

"पोट्ट्याईनं काही केलं असन," लक्ष्मणराव म्हणाले. "मले काय ठाव."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमानं.

"तुझा बाप पेत होता. बिडीची ठिणगी उडली असन," लक्ष्मणराव म्हणाले. पुतण्या म्हणाला, चला काका. दारात ढिवरांच्या घरातली म्हातारी रुखमा मांडी घालून बसली होती, ती वाट द्यायला हलली नाही. निर्मलाबाई म्हणाल्या, "सभा चालू हाये. बोलू द्या तिले."

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. लोक आधी कंटाळले, मग कुजबुजले, मग पुढं झुकून ऐकू लागले. म्हाताऱ्यांपैकी दोघं जमिनीकडे बघायला लागले. लक्ष्मणरावांच्या कपाळावर घाम आला होता. ते आता नाही म्हणत नव्हते. भागीरथाबाईंनी पाचव्यांदा सुरुवात केली. कतला, बारशाचं घर, माणूस पाठवला, पाळीवर वाळलेलं जाळं...

"वाळलेलं कुठं होतं वं?" लक्ष्मणराव खेकसले. "पाच डाव तेच लावून राहिली, वाळलेलं, वाळलेलं. ओलं होतं थे. काड्याची अर्धी डबी सरली तरी धरत नव्हतं. घरून रॉकेल आना लागलं."

आणि मग त्यांना कळलं, आपण काय बोललो. सचिवाचं पेन हवेतच थांबलं होतं.

"कोनं आनलं रॉकेल?" भागीरथाबाईंनी विचारलं.

लक्ष्मणरावांनी पुतण्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग ओठ हलले. "मी."

"सचिवसाहेब, लिवा," भागीरथाबाई म्हणाल्या, आणि लक्ष्मणरावांकडे वळल्या. "अन् तुमी मोठ्यानं सांगा. मांगं बसल्याईले आयकू नाही गेलं."